पेशंटचं निदान मोठ्याने वाचू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगते, कापून छापलंत तरी चालेल पण औषधाचा भाग तेवढा ठेवा.

गेल्या वर्षी मावशीला घेऊन एका हॉस्पिटलात रक्त तपासायला गेले होते. मावशी गेली बरीच वर्षं लिथियम घेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बायपोलर म्हणजे मन कधी खूप वर तर कधी एकदम खाली जातं त्या आजारावर हे औषध देतात, जुनं आणि चांगलं औषध आहे, पण रक्तातलं त्याचं प्रमाण थोडं जरी वर गेलं तरी त्रास होतो म्हणून ठराविक दिवसांनी रक्त तपासत राहावं लागतं. मावशीचं हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. काउंटरवर गर्दी होती, आतल्या माणसाने स्क्रीनवर बघितलं, मावशीचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली आणि त्याच आवाजात पुढे म्हणाला, "लिथियम लेव्हल ना? मनोविकार विभागातून आलात ना तुम्ही? तिकडचा कागद कुठाय?" हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं बसलेली, त्यात एक मावशीच्या ओळखीची. मावशी जागची उठलीच नाही. शेवटी मीच जाऊन कागद दिला.

तीन महिन्यांनी मावशीचा गुडघा सुजला. हाडांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. डॉक्टरांनी विचारलं की दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, आणि मावशी म्हणाली, नाही. डॉक्टरांनी पेनकिलर दिली, आयबुप्रोफेन. आता ज्याला लिथियमबद्दल माहीत आहे असा कुठलाही डॉक्टर इथे थांबला असता, कारण या जातीच्या पेनकिलरमुळे किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते आणि रक्तातलं प्रमाण चढत जातं. आठ-दहा दिवसांत मावशीचे हात थरथरायला लागले, उलट्या, मग जीभ जड झाली, बोललेलं कळेना. चार दिवस ॲडमिट होती. वाचली. घरी आल्यावर मी विचारलं की अगं डॉक्टरांना सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, "तिथेही कुणीतरी मोठ्याने वाचलं असतं."

त्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय. पेशंटची गोपनीयता म्हटलं की आपल्याला वाटतं अब्रूची गोष्ट आहे, मोठ्या लोकांचे चोचले आहेत. पण डॉक्टरला खरं सांगायला माणूस का तयार होतो, तर ते तिथून बाहेर जाणार नाही असा भरवसा असतो म्हणून. तो भरवसा गेला की माणूस अर्धंच सांगतो, आणि अर्ध्या माहितीवर दिलेली गोळी काय करते ते मी बघितलंय.

मी हे बाहेरून बोलत नाहीये. एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात १९ वर्षं काम केलंय. फाईल लावणं, काढणं, कोडिंग म्हणजे आजारांना ठरलेले कोड लावणं, कोर्टाचं पत्र आलं की कॉपी काढून देणं, नंतर सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हा स्कॅनिंग. त्यामुळे काउंटरवरच्या त्या माणसावर मला राग नाही धरता येत. त्याच्यासमोर रांग होती, कागद हरवला तर बोलणी त्याला बसणार होती, आणि मोठ्याने बोलू नका असं त्याला कुणी कधी सांगितलेलं नसणार. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याच हातून झालेलं सांगते, कारण ते न सांगता दुसऱ्यांना शिकवणं बरोबर नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका ओळखीच्या मुलीची फाईल माझ्या टेबलावर आली, मी वाचली, म्हणजे वाचायची गरज नव्हती तरी वाचली. दोन दिवसांनी तिचा भाऊ भेटला आणि मी अगदी काळजीनेच विचारलं, "आता कशी आहे तिची तब्येत?" त्याला ती ॲडमिट होती हेच माहीत नव्हतं. तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्याला कारण होतं, आणि ते कारण तिचं होतं. मी आजाराचं नाव घेतलं नव्हतं, काहीच सांगितलं नव्हतं, फक्त एक प्रश्न विचारला होता. ती मुलगी त्यानंतर माझ्याशी बोलली नाही आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

बहुतेक गुपितं अशीच फुटतात. हॅकर वगैरे नंतर येतो. १९९५ मध्ये अमेरिकेत पाच हॉस्पिटलांच्या लिफ्टमधल्या गप्पांचा एक अभ्यास छापून आला होता, संशोधक नुसतेच लिफ्टमधून वर-खाली करत ऐकत उभे राहिले. २५९ फेऱ्यांपैकी ३६ फेऱ्यांत स्टाफच्या तोंडून असं काहीतरी निघालं जे लोकांसमोर बोलायला नको होतं, त्यात पेशंटची खासगी माहितीही होती. लिफ्टमध्ये त्याच पेशंटचा नवरा उभा असू शकतो, बोलणाऱ्याच्या हे मनातही येत नाही.

आणि फाईल बघणारे किती असतात याचा अंदाज पेशंटला तर नसतोच, डॉक्टरांनाही नसतो. शिकागोच्या मार्क सीगलर या डॉक्टरांनी १९८२ मध्ये लिहिलेलं आहे, त्यांचा एक पेशंट म्हणाला की माझी फाईल इतक्या लोकांनी बघायची काय गरज आहे, मी घरी जातो. म्हणून सीगलरांनी खरंच मोजायला घेतलं. या एका माणसाची फाईल बघण्याचा अधिकार आणि कामाची गरज असलेले लोक कमीत कमी २५ निघाले, आणि ताणलं तर १००. वेगवेगळे डॉक्टर, नर्स, एक्सरेवाले, फार्मसी, आहारतज्ज्ञ, बिलिंग, इन्शुरन्स, आमच्यासारखे रेकॉर्डवाले. हे कागदाच्या फाईलचं. आता स्क्रीन आल्यावर तीच फाईल एकाच वेळी पाच मजल्यांवर उघडी असते.

स्क्रीनचा एक फायदा मात्र आहे आणि तो फार मोठा आहे. कागदाची फाईल कोणी चाळली याचा पत्ता लागत नाही, कॉम्प्युटरवर लागू शकतो, जर ठेवला तर. फिनलंडमधली एक केस मला कायम आठवते. एक नर्स, डोळ्यांच्या विभागात कामाला, तिला एचआयव्ही होता आणि उपचार त्याच हॉस्पिटलमध्ये चालू होते. काही दिवसांनी सहकाऱ्यांच्या वागण्यावरून तिला वाटायला लागलं की यांना कळलंय. तिने विचारलं की माझी फाईल कोणी कोणी उघडली. तर सिस्टिममध्ये फक्त शेवटच्या पाच वेळांची नोंद, तीही विभागाची, माणसाची नाही, आणि फाईल परत रेकॉर्डला गेली की तीही पुसली जायची. म्हणजे सिद्ध काहीच करता येईना. देशातली कोर्टं म्हणाली पुरावा नाही. ती थेट युरोपच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेली आणि १७ जुलै २००८ ला तिथे निकाल तिच्या बाजूने लागला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, कोणी बघितलं याची नोंदच नीट ठेवली नाहीत आणि वर पेशंटला म्हणता पुरावा आण, हे चालणार नाही, माहिती आधीपासून सुरक्षित ठेवणं हेच काम आहे, नंतर भरपाई मागायची सोय ठेवून भागत नाही. मी हा निकाल आमच्या विभागात वाचून दाखवला होता तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही, कारण प्रत्येकाने कधी ना कधी "जरा बघते" म्हणून फाईल उघडलेली होती.

उत्सुकतेने बघणं आणि विकणं यात फार अंतर नसतं. अमेरिकन अभिनेत्री फॅरा फॉसेट, तिच्या कॅन्सरच्या बातम्या गॉसिपच्या साप्ताहिकात यायला लागल्या तेव्हा तिला हॉस्पिटलमधूनच गळतंय असा संशय आला. २००७ मध्ये कॅन्सर परत आल्याचं कळल्यावर तिने ते बहुतेक नातेवाईकांना आणि मित्रमंडळींनाही सांगितलं नाही, मुद्दाम, कारण मग बातमी छापून आली तर कुठून गेली हे कळेल. काही दिवसांत छापून आलीच. मग तपास झाला आणि हॉस्पिटलची एक कर्मचारी पैसे घेऊन माहिती देत होती हे उघड झालं. कॅन्सर परत आलाय आणि ते जवळच्या माणसांपासून लपवून चोर पकडायचा, काय वेळ आली असेल त्या बाईवर.

आता मोबाईलचं. रिपोर्टचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा ही सवय इतकी रुळलीय की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. डॉक्टरही करतात, चांगल्या हेतूने करतात, दुसऱ्याचं मत पटकन मिळतं आणि त्याने पेशंटचा फायदाही होतो. पण एक्सरेच्या कोपऱ्यात नाव असतं, वय असतं, तारीख असते. नाव झाकायला पाच सेकंद लागतात. आणि नातेवाईक तर पूर्ण फाईलच फॅमिली ग्रुपवर टाकतात, पेशंट आत बेशुद्ध असतो, शुद्धीवर येतो तेव्हा चाळीस जणांना त्याचं सगळं माहीत झालेलं असतं.

नाव झाकलं म्हणजे झालं असंही नाही हं. १९९७ च्या सुमाराला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांची हॉस्पिटलची माहिती संशोधनासाठी दिली, नावं आणि पत्ते काढून. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं की काळजी नको. तेव्हा लतान्या स्वीनी ही विद्यार्थिनी होती, तिने २० डॉलरला मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढंच जुळवून खुद्द गव्हर्नरांचीच नोंद शोधून काढली आणि त्यांच्या ऑफिसला पाठवून दिली. पुढे तिने हिशोब मांडला की फक्त या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं वेगळी ओळखू येऊ शकतात. म्हणून "नाव काढलंय" असं कोणी म्हणालं की मी विचारते, जन्मतारीख काढली का?

हॅकिंगबद्दल जास्त लिहीत नाही, रोज छापून येतं. सिंगापूरमध्ये २०१८ साली १५ लाख पेशंटची माहिती गेली, त्यात पंतप्रधानांचीही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये आरोग्य विम्याच्या क्लेमचे व्यवहार बघणाऱ्या एका कंपनीत घुसखोरी झाली आणि त्यात सुमारे १९ कोटी लोकांची माहिती अडकली, घुसले कुठून तर बाहेरून लॉगिन करायच्या एका पोर्टलवर पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप लावलेलंच नव्हतं म्हणून. पण या सगळ्यात मला झोप लागू दिली नाही ती फिनलंडची दुसरी गोष्ट. वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती, तिथल्या सुमारे ३३,००० लोकांच्या नोंदी चोरीला गेल्या. नोंदी म्हणजे माणसाने बंद खोलीत थेरपिस्टला जे सांगितलं ते. लग्नाबाहेरचं नातं, लहानपणी झालेला अत्याचार, मरून जावंसं वाटतं ते. चोराने आधी कंपनीकडे पैसे मागितले आणि मग ऑक्टोबर २०२० मध्ये एकेका पेशंटला ईमेल केली की २०० युरो द्या, उशीर केलात तर ५००, नाहीतर तुमचं सगळं इंटरनेटवर. त्यात अल्पवयीन मुलंही होती. कंपनी २०२१ मध्ये बुडाली, २०२४ मध्ये कोर्टाने चोराला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. पण जे बाहेर पडलं ते कोण परत आत घालणार. बँकेचं कार्ड चोरीला गेलं तर बंद करून नवीन घेता येतं. आजार बदलून मिळत नाही.

या गोष्टीत एक प्रश्न कोणी फारसा विचारत नाही, थेरपिस्टने एवढं सविस्तर लिहून ठेवायची गरज होती का? आमच्या विभागात एक जुने डॉक्टर यायचे, ते नोंद करताना पेशंटला विचारायचे, "हे लिहू का?" उपचाराला लागेल तेवढंच लिहायचे. पूर्ण नोंद ठेवणं कायद्याने लागतंच, पण गप्पांमध्ये निघालेलं शेजाऱ्याशी झालेलं भांडण किंवा नवऱ्याची नोकरी गेल्याचं प्रत्येक वेळी लिहायला हवंच असं नाही. जे लिहिलंच नाही ते चोरीलाही जात नाही.

आता थोडं अवघड बोलते. गोपनीयता सगळ्यात जास्त मोडतो ते आपण घरचे. पेशंट समोर बसलेला असतो आणि डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून सांगतात, मुलगा बहिणीला, बहीण सासरी, आणि ज्याचा आजार आहे त्याला सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही. प्रेमापोटीच होतं हे मला माहीत आहे. पण शुद्धीत असलेल्या, स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाचा आजार आधी त्याला कळला पाहिजे, आणि दुसऱ्या कोणाला सांगायचा हे त्याने ठरवलं पाहिजे. डॉक्टरांनी एवढं जरी विचारलं की "यांच्यासमोर बोलू का, की यांना बाहेर बसवू?" तरी पुरे. नुसतं विचारल्याने सुद्धा खूप बायकांना पहिल्यांदा खरं बोलता येईल. नवऱ्यासमोर कोणती बाई सांगणार आहे की हा वळ पडून झालेला नाही?

हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाहीये. हिप्पोक्रॅटिसची शपथ सगळ्यांना माहीत असते, पण चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात गुरू शिष्याला दीक्षा देताना जे सांगतो त्यातही हे आहे, रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत. डॉक्टरांसाठीच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेतही आहे आणि १९६८ मध्ये तिच्यात भर घातली की पेशंट गेल्यावरसुद्धा. मेलेल्या माणसाची फाईल कोणीही चाळावी असं समजणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

अपवाद असतात, ते मान्य. साथीचा रोग असेल तर आरोग्य खात्याला कळवावंच लागतं. कोर्टाचा आदेश आला तर द्यावं लागतं. पेशंट सांगतोय की मी अमुक माणसाला मारणार आहे, तर त्या माणसाला वाचवायची जबाबदारी डॉक्टरवर येते, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये असाच निकाल दिलेला आहे. पण तिथेही लागेल तेवढंच सांगायचं आणि ज्याला सांगायला हवं त्यालाच. साथीची माहिती खात्याला द्यायची म्हणजे दारावर पाटी लावायची असं नाही.

आणि उलटा प्रकार तर डोक्यात जातो. हॉलमध्ये मोठ्याने वाचणारी हीच मंडळी, पेशंट स्वतः स्वतःच्या फाईलची कॉपी मागायला आला की म्हणतात, "गोपनीय आहे, देता येत नाही." कोणापासून गोपनीय? त्याच्यापासूनच? आपल्याकडच्या डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांच्या आत द्यायचं. मी काउंटरवर बसून कित्येक लोकांना परत जाताना बघितलंय, त्यांना हे माहीतच नव्हतं आणि आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही.

माझं हॉस्पिटलवाल्यांना म्हणणं एवढंच की मोठमोठी सॉफ्टवेअर घ्या जरूर, पण आधी फुकटातल्या गोष्टी करा. आजाराचं नाव हॉलमध्ये घेऊ नका, नंबराने हाक मारा. काउंटरपासून रांग चार पावलं मागे थांबवा. स्क्रीन लोकांकडे तोंड करून ठेवू नका. एकाच पासवर्डवर सगळा स्टाफ लॉगिन करतो ते बंद करा, कारण मग नोंद राहूनही कळत नाही की बघणारा कोण. आणि कोणी कोणाची फाईल उघडली याची यादी महिन्यातून एकदा खरंच कोणीतरी वाचा, नुसती साठवू नका. माझा अनुभव आहे, यादी वाचली जाते हे स्टाफला कळलं की अर्धं बघणं आपोआप थांबतं. नवीन माणूस कामावर घेताना पहिल्या दिवशी अर्धा तास हे सगळं सांगायला काय हरकत आहे, मला ते सांगितलं असतं तर ती मुलगी आज माझ्याशी बोलत असती.

पेशंटनेही विचारावं. ही माहिती कशाला हवी, कोण बघणार, असं विचारलं तर कोणी उपचार नाकारत नाही. फार तर कपाळाला आठ्या पडतील.

मावशी आता बरी आहे. गुडघ्यासाठी परत त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, या वेळी मी बरोबर होते. मावशीने दार लावायला सांगितलं आणि मगच लिथियमचं बोलली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गोळी बदलली, आणि चिठ्ठीवर लिहायच्या आधी तिला विचारलं की हे लिहिलं तर चालेल ना, मेडिकलवाल्यालाही दिसेल. मावशी जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, लिहा.

हे पत्र पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवलंय आणि काही तपशील तिच्या सांगण्यावरून बदललेत. माझं नाव छापलंत तर मावशी कोण हे लोकांना कळेल, त्यामुळे नाव आणि गाव दोन्ही छापू नये ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक